रेषेबाहेर उभी असलेली माणसे

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बिरसा येथे दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बोलावयाचे आणि विषय मात्र मुलांच्या खेळाचा घ्यावयाचा, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु आपल्याकडे वाचनालय आणि व्यायामशाळा ही दोन भावंडेच होती. ज्या पिढ्यांनी गावोगावी वाचनालये काढली, त्यांनीच आखाडेही काढले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी तर मराठीत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश संपादित केला. शरीराचा व्यासंग आणि बुद्धीचा व्यासंग यांच्यात त्या मंडळींनी भिंत घातली नव्हती. आपला बालाघाट जिल्हाही १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. तेव्हा ही परंपरा आपल्याला परकी नाही, आणि तिच्याच आधाराने मी आज हा विषय आपल्यापुढे मांडीत आहे.

विषय आहे खिलाडूवृत्तीचा. या विषयावरील भाषणे बहुधा मुलांना उद्देशून केली जातात. स्पर्धेच्या उद्‌घाटनाला पाहुणे येतात, ‘हारजीत महत्त्वाची नसते, सहभाग महत्त्वाचा’ असे सांगतात आणि पहिला सामना सुरू होण्यापूर्वी निघून जातात. मुले उन्हात उभी राहून ऐकतात व टाळ्या वाजवितात. माझे म्हणणे असे आहे की, हा उपदेश चुकीच्या श्रोत्यांना केला जातो. मुलांना खिलाडूवृत्ती शिकविण्याची फारशी गरज नसते. त्यांच्याजवळ ती असते. ती त्यांच्याजवळ राहते की जाते, हे मात्र मैदानाच्या रेषेबाहेर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांवर अवलंबून असते.

हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून मुलांच्या स्वतःच्या खेळाकडे पाहू. मोठ्या माणसांनी न भरविलेला, गल्लीतला किंवा गावाबाहेरच्या पटांगणातला खेळ आठवा. तेथे पंच नसतो, शिट्टी नसते, ढाल नसते. तरी खेळ चालतो. पाच वर्षांचे धाकटे भावंड हट्टाने खेळायला आले तर त्याला हाकलून देत नाहीत. त्याला कच्चे लिंबू करतात. कोठे त्याला दूधभात म्हणतात. तो धावतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. दुर्बळालाही खेळात जागा असावी, पण त्यामुळे खेळ मोडू नये, हा बिकट प्रश्न मुलांनी कोणत्याही समितीवाचून सोडविला आहे. हुतूतूत ज्याला स्पर्श झाला तो पुष्कळदा स्वतःच हात वर करून बाहेर जातो, कारण त्याने तसे केले नाही तर उद्या त्याला कोणी खेळायला घेणार नाही. आणि जो कांगावा करतो, हरू लागताच डाव मोडतो, त्याच्यासाठी मुलांनी एक शब्दप्रयोग सिद्ध ठेवला आहे: रडीचा डाव. मोठी माणसे तो शब्द राजकारणाला लावतात, पण तो मूळचा मुलांच्या अंगणातला आहे. ज्या समाजातील मुलांच्या खेळात हे शब्द आहेत, त्या मुलांना न्याय म्हणजे काय हे ठाऊक नाही असे कोण म्हणेल?

मग बिघडते कोठे? मोठी माणसे खेळात शिरतात, त्याला ढाल, गुण, प्रमाणपत्र आणि वृत्तपत्रातील छायाचित्र जोडतात, तेव्हा. मी स्पर्धांच्या विरुद्ध नाही. स्पर्धेवाचून गुणांची पारख होत नाही. परंतु स्पर्धा भरविणाऱ्याने एक जबाबदारी पत्करलेली असते, आणि ती पत्करली किंवा टाळली तर काय होते, हे दाखविणारे दोन शालेय सामने महाराष्ट्रात झाले आहेत.

पहिला फेब्रुवारी १९८८ चा. मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर ३२६, कांबळी ३४९, संघाच्या धावा दोन बाद ७४८. हे आकडे सर्वांना पाठ आहेत. त्यामागील गोष्ट कमी लक्षात घेतली जाते. डाव घोषित करा, असा निरोप रमाकांत आचरेकर सरांच्या साहाय्यकाने सीमारेषेवरून वारंवार दिला, आणि दोन्ही मुलांनी तो न ऐकल्याचे सोंग केले. अखेर उपाहाराच्या वेळी कांबळीने सरांना दूरध्वनी केला. साडेतीनशेला एकच धाव कमी होती. सरांनी डाव घोषित करावयास सांगितले, आणि तो घोषित झाला. आचरेकर सरांच्या मनात प्रतिपक्षाविषयी दया होती, असा दावा मी करीत नाही. बहुधा त्यांना सामना जिंकण्यापुरता वेळ हवा होता. पण एका मुलाच्या विक्रमापेक्षा सामना मोठा, आणि ‘आता पुरे’ म्हणणारे कोणीतरी मैदानाबाहेर असावे लागते, हे त्या एका दूरध्वनीने सिद्ध केले.

दुसरा सामना जानेवारी २०१६ चा, कल्याणचा. भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी विद्यालयाच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने तीन बाद १४६५ वर डाव घोषित केला. प्रतिपक्षाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. जगभर त्या मुलाचे नाव झाले, आणि त्याच्या फलंदाजीचे कष्ट खरेच होते. परंतु दुसऱ्या बाजूच्या मुलांचा विचार करा. तो संघ बराच लहान वयाच्या मुलांचा होता आणि त्यांतील कित्येकांना चामड्याच्या चेंडूची सवय नव्हती, असे त्यांच्या प्रशिक्षकांनी त्या वेळी सांगितले होते. ती मुले दोन दिवस चेंडूमागे धावत राहिली. अंगणातील खेळ असता तर मुलांनीच त्यांना कच्चे लिंबू केले असते, किंवा ‘चला, नवा डाव मांडू’ असे म्हटले असते. तेथे मात्र दोन शाळा, प्रशिक्षक, पंच आणि आयोजक असे पुष्कळ मोठे लोक होते. सामना एकतर्फी झाला हे पाचशे धावांनंतर सर्वांस दिसत होते, आणि तरीही तो चालू राहिला. नियम कोणीही मोडला नाही. खिलाडूवृत्तीचा प्रश्न नेमका तेथेच सुरू होतो, जेथे नियम संपतात.

परंतु ही हकीकत येथेच सोडली तर त्या घरावर अन्याय होईल. त्या विक्रमानंतर मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे त्याचा खेळ पूर्वीसारखा होईना. तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहिले आणि मुलाची कामगिरी पुरेशी नसल्याने ही रक्कम थांबवावी, पुढे तो चांगला खेळला तर पुन्हा विचार करावा, अशी विनंती केली. हे गृहस्थ रिक्षा चालवून संसार करीत होते. दहा हजार रुपये म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. खेळाविषयीची प्रामाणिकता मुलाने वडिलांकडून शिकावी, याचे याहून चांगले उदाहरण मला आपल्या काळात आढळत नाही. हजार धावांचा विक्रम पुस्तकांत राहील. ते पत्र कोणी छापून ठेवलेले नाही, पण शाळेच्या भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे ते आहे.

याच्या अगदी उलट टोकाला एक दुर्गुण आहे. त्याचे नाव आपण मोठ्याने घेत नाही, पण तो सर्वत्र आहे. तो म्हणजे वयाचा खोटा दाखला. चौदा वर्षांखालील गटात सोळा वर्षांचा मुलगा उतरविणे. हे काम मूल एकटे करू शकत नाही. त्यासाठी पालक लागतो, कोणीतरी मार्गदर्शक लागतो, सही-शिक्का देणारा लागतो. म्हणजे मुलाच्या क्रीडाजीवनाचा पहिला धडा तीन वडीलधारी माणसे मिळून देतात, आणि तो धडा खोटे बोलण्याचा असतो. आपल्याच मध्य प्रदेशात, इंदूरला, मराठी कुटुंबात जन्मलेल्या राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीच्या पतौडी स्मृती व्याख्यानात या प्रश्नावर कठोर शब्दांत बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, आई-वडील व प्रशिक्षक खोटा दाखला तयार करताना जो मुलगा पाहतो, त्याने पुढे मोठेपणी पैशासाठी सामना विकला तर आश्चर्य कशाचे मानावे? आणि त्या खोट्या दाखल्याने एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा गेलेली असते, ती निराळीच.

द्रविड यांचे नाव केवळ भाषणासाठी घेत नाही. २०१८ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली एकोणीस वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला. नियामक मंडळाने त्यांना पन्नास लाख आणि इतर साहाय्यकांना प्रत्येकी वीस लाख रुपये जाहीर केले. सर्वांचे श्रम सारखे असताना हा भेद का, असे द्रविड यांनी विचारले, आणि शेवटी सर्वांना सारखे पंचवीस लाख मिळाले, त्यांनाही. त्या संघातील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी संघभावना या शब्दाचा अर्थ त्या दिवशी कोणत्याही व्याख्यानावाचून शिकून घेतला असेल.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. खिलाडूवृत्तीने सामने हरले जातात, त्याचे काय? हा आक्षेप खोटा नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत-इंग्लंड सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. भारताच्या २४२ धावांना उत्तर देताना इंग्लंडची अवस्था पाच बाद ५८ अशी झाली होती. बॉब टेलर यांना यष्टिरक्षकाने झेलबाद केल्याचा निर्णय पंचांनी दिला. चेंडू बॅटला लागला नव्हता, याची पहिल्या स्लिपमध्ये उभे असलेले भारतीय कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांना खात्री होती. त्यांनी टेलर यांना परत बोलाविले. टेलर व इयान बोथम यांनी १७१ धावांची भागीदारी केली, आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला. सामना गेला हे खरे. पण त्या सामन्याचा धावफलक आज कितीजणांना आठवतो? विश्वनाथ यांनी टेलरना परत बोलाविले, हे मात्र चाळीसाहून अधिक वर्षे वडील मुलांना सांगत आले आहेत.

त्याच्या पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८१ मध्ये, मेलबर्नला उलटा प्रसंग घडला. पायचीतचा निर्णय अमान्य झाल्याने संतप्त सुनील गावसकर यांनी जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर नेण्यास आरंभ केला. तसे घडले असते तर सामना सोडून दिल्यासारखा झाला असता. संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनी सीमारेषेवर पुढे होऊन चौहान यांना परत पाठविले. खेळ पुढे चालू राहिला, ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ धावांत गारद झाला आणि भारताने सामना ५९ धावांनी जिंकला. गावसकर यांनी पुढे त्या वागण्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला, हा त्यांचा मोठेपणा. पण माझे लक्ष जाते ते व्यवस्थापकांकडे. रेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसाचे काम त्या दिवशी एवढेच होते की, रागावलेल्या खेळाडूला साथ न देता खेळ वाचवावा.

हे काम करणारा कोणी नसला म्हणजे काय होते, तेही अलीकडे दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून एका नामांकित मल्लाने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. अंतिम कुस्तीतही वाद होऊन दुसरा मल्ल बाहेर पडला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर रास्त वाद होऊ शकतो. परंतु ज्या मातीत उतरताना ती कपाळाला लावण्याची रीत आहे, त्या परंपरेतील हे दृश्य हजारो बालमल्लांनी पाहिले, आणि बंदीचा हुकूम त्यांतील थोड्यांनीच वाचला असेल. मुले दृश्यावरून शिकतात, हुकुमावरून नव्हे.

मात्र एक गोष्ट नम्रपणे सांगितली पाहिजे. मूल हे वडीलधाऱ्यांचे निव्वळ प्रतिबिंब नसते. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधील बुर्लादा येथील शर्यतीत सर्वांत पुढे असलेला केनियाचा आबेल मुताई, शर्यत संपली असे समजून अंतिम रेषेच्या थोडे आधीच थांबला. मागून येणाऱ्या इव्हान फर्नांडेझ अनाया या तरुणाने त्याला ओलांडले नाही. खुणेने पुढे जावयास सांगितले आणि स्वतः दुसरा आला. त्याचे प्रशिक्षक मार्टिन फिझ हे माजी विश्वविजेते मॅरेथॉनपटू. आपण त्या जागी असतो तर संधी साधली असती, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. शिष्य गुरूच्या पुढे गेला. असे घडते, आणि घडले म्हणजे आनंद वाटतो, परंतु त्याच्या भरवशावर आपण निश्चिंत राहू नये.

आता आपल्या प्रदेशाचा विचार. बिरसा, बैहर, मलाजखंड या भागातील मुलामुलींसाठी खेळ हा निव्वळ विरंगुळा नाही. विकासखंडातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून संभागाला आणि तेथून राज्याला गेलेल्या मुलाच्या हातातील प्रमाणपत्राने वसतिगृहात प्रवेश मिळू शकतो, पुढे नोकरीचा मार्ग खुला होऊ शकतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शाळेत गेले आहे, तेथे या कागदाची किंमत शहरातील सुखवस्तू माणसाला कळणार नाही. म्हणून ‘हारजीत महत्त्वाची नाही’ असे या मुलांना सांगणे मला क्रूर वाटते. ती महत्त्वाची आहे. आणि महत्त्वाची आहे म्हणूनच ती स्वच्छ असली पाहिजे. येथे एक खोटा दाखला, एक पक्षपाती निवड, ही केवळ खेळातील लबाडी राहत नाही. ती कोण्या गोंड किंवा बैगा मुलीच्या ताटातील घास काढून घेते.

अशा मुलांच्या पाठीशी वडीलधाऱ्यांनी उभे राहावयाचे म्हणजे काय करावयाचे? त्याचा कित्ता कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घालून दिला आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशाच्या विवंचनेत होते. खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमविले आणि गुरूचे घर सोडविले. खर्डेकरांनी शिष्यासाठी सर्वस्व पणाला लावले, पण नियम वाकविला नाही. मदत आणि लबाडी यांतील सीमारेषा त्यांनी दाखवून दिली. आणि ऋण कसे फेडावे हे खाशाबांना कोणी शिकविल्याचे ऐकिवात नाही. त्यांनी ते पाहिले होते.

आपल्या हातात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. मुलाच्या सामन्याला गेलो तर प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळालाही टाळी द्यावी. मूल पाहत असते. पंचाचा निर्णय पटला नाही तर लेखी तक्रारीचा मार्ग असतो. मुलांसमोर पंचाला शिव्या देणे हा तो मार्ग नव्हे. सामना अगदी विषम झाला तर दोन्ही शाळांच्या गुरुजनांनी मिळून तो आवरता घ्यावा. त्यात कोणाचाही कमीपणा नाही. दाखल्यावर खरे वय लिहावे. आणि मूल घरी परत आले की ‘जिंकलास का?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न ‘कसा खेळलास?’ हा असावा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या अर्शद नदीमने घेतले, तेव्हा नीरजची आई, हरियाणातील एक खेडवळ स्त्री, म्हणाली की रौप्याचाही आनंद आहे आणि सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा आहे. क्रीडानीतीवरील कोणताही ग्रंथ न वाचता त्या माउलीने जे सांगितले, ते आपण ग्रंथालयाच्या छायेत बसलेल्यांनी निदान आचरणात आणावे.

शेवटी ग्रंथालयाला एक सूचना करतो. शताब्दीचे स्मारक म्हणून विकासखंडाच्या शालेय स्पर्धांत आपण एक पारितोषिक ठेवावे. विजेत्यांना ढाल मिळतेच. आपले पारितोषिक एका उत्तम पुस्तकाचे असावे, आणि ते कोणास द्यावयाचे हे पाहुण्यांनी, पंचांनी किंवा शिक्षकांनी ठरवू नये. प्रत्येक सामन्यात हरलेल्या संघातील मुलांनी, जिंकलेल्या संघातील ज्याच्याबरोबर पुन्हा खेळावेसे वाटते असा एक खेळाडू निवडावा. या निवडीत मुले सहसा चुकणार नाहीत, अशी माझी खात्री आहे, कारण रडीचा डाव कोणाचा आणि खरा डाव कोणाचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते. आपण फक्त त्यांच्या निवडीखाली ग्रंथालयाचा शिक्का उमटवावा.